धाकल्याचा खांदा

परवा गिरणीत पट्टा सटकला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी जी गिरणी आहे तिथं ज्वारीचा डबा घेऊन मी रांगेत उभी होते, पुढं बायका, मागं बायका, आणि डोक्यात भूमितीचं एक प्रमेय अर्धवट अडकलेलं. एकदम फट्ट असा आवाज झाला. बायका मागं सरल्या, एकीचा डबा कलंडला, आणि मग जे झालं ते अजून माझ्या डोळ्यांपुढं आहे. मोटार फिरत राहिली. उलट आधीपेक्षा जास्त जोमात, मोकळी सुटल्यासारखी, पण जात्याचे दगड थांबले होते. पिठाची धार बारीक होत होत तुटली. गिरणीवाले मामा खटका पाडेपर्यंत ती मोटार कुणासाठी फिरत होती कोण जाणे. मामा पट्टा उचलून बघत होते, "कालच पट्टा धरावा म्हणून राळ लावली व्हती, कावून सटकला कुणाला ठावं," असं स्वतःशीच म्हणत होते, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मामा, आतून तेलकट झालाय का बघा." सगळ्या बायका माझ्याकडं वळल्या. पूर्वीची मी असते तर डब्यात तोंड घातलं असतं. आता मी पुढं झाले, पट्ट्याच्या आतल्या बाजूवरून बोट फिरवलं, नाकाशी नेलं. मशीनच्या तेलाचा वास होता, साधा, काळा. "तेल गळतंय वरून," मी म्हटलं, आणि मामा मान हलवून शिडी आणायला गेले. पण मी बोट नाकाशी तसंच धरून उभी राहिले, कारण मला दुसराच वास हवा होता. हळद आणि लोणी. तो बीडच्या गिरणीत कुठून येणार.

तो वास धाकल्याचा. धाकल्या म्हणजे आमच्या आप्पांचा ट्रॅक्टर, माझ्या आजोबांचा, पण ट्रॅक्टर म्हटल्यावर डोळ्यांपुढं जे धूड येतं ते नव्हे. माझ्या कमरेइतका उंच, कधीकाळी लाल असलेला, समोर वाटोळं नाक. कुठल्याशा कारखान्याच्या साहेबांच्या बंगल्यात हिरवळ कापायला म्हणून तो आणला होता. साहेब बदलले, हिरवळ वाळली, आणि माझ्या जन्माच्या सुमारास आप्पांनी तो चौसाळ्याजवळच्या आमच्या मोसंबीच्या बागेत आणला. पोटाखालची पाती काढून टाकली, मागं बारका वखर जोडला. मोसंबीच्या दोन ओळींतून मोठा ट्रॅक्टर जात नाही, फांद्या मोडतो, हा मात्र मांजरासारखा अंग चोरून जायचा. आप्पा त्याच्यावर बसले की त्यांचे गुडघे दोन्ही बाजूंना कानांसारखे बाहेर यायचे आणि लांबून बघणाऱ्याला वाटायचं, एखादा मोठा ससा धोतर नेसून चाललाय. त्याच्याआधी बागेत दोन बैल होते, सख्खे भाऊ, थोरल्या आणि मधल्या, म्हणून हा धाकल्या. कितीतरी वर्षं तिघं एकाच गोठ्यात राहिले. मी लहानपणी धाकल्यापुढं कडबा टाकायचे आणि त्यानं तो खाल्ला नाही की रडायचे, असं आई अजून पाहुण्यांना सांगते. मग थोरल्या म्हातारा होऊन गेला. मधल्यानं वैरण सोडली, नुसता भावाच्या खुंट्याकडं तोंड करून उभा राहायचा, आणि थोड्याच दिवसांत तोही गेला. आप्पांनी परत बैल केले नाहीत. कुणी विचारलं तर म्हणायचे, "एक हाय ना अजून."

बीडला आमचं दुकान आहे. आधी त्यात फक्त बैलांचं सामान असायचं, कासरे, मोरख्या, घुंगरमाळा, झुली, आणि पोळ्याच्या आधी आठवडाभर दुकानात शिरायला जागा नसायची. मी गल्ल्यामागच्या स्टुलावर बसून घुंगरांच्या ढिगात हात कोपरापर्यंत खुपसायचे. थंडगार लागायचं, आणि हात हलवला की पाण्यासारखा आवाज यायचा. आता तिथं प्लॅस्टिकच्या खुर्च्या आहेत, पाण्याच्या टाक्या आहेत, मिक्सर आहेत, दारात पिवळी पाटी लावून एसटीडीचं काचेचं खोकं बसवलंय, आणि घुंगरमाळा मागच्या भिंतीवर एका खिळ्याला. बाबा म्हणतात, दिवस बदलले. ते हे आनंदानं म्हणतात की नाही ते मला कधी कळलं नाही. बाबांचं नाव गुरुपाद, पण आप्पा त्यांना अजून 'गुरू' म्हणतात आणि एवढे मोठे बाबा ते ऐकताच चौथीतल्या पोरासारखे उभे राहतात. दर सणाला बाबांचं एकच, "आप्पा, बीडला चला. बागेत एकटे कशाला राहता? उद्या पाय घसरला तर पाणी द्यायला कुणी नाही." आप्पा हसायचे. मागच्या संक्रांतीला मात्र हसले नाहीत. गळ्यातल्या लिंगाला हात लावला आणि म्हणाले, "धाकल्या ज्या दिवशी थांबल, त्या दिवशी येतो. मागं वळून बगणार न्हाई. तवर इचारू नको." आप्पांनी लिंगाला हात लावला म्हणजे तो शब्द दगडावर कोरला गेला, हे आमच्या घरात भांड्यांनासुद्धा माहीत आहे. बाबांनी विचारणं बंद केलं. आणि मी, कुणाला न सांगता, वाट बघायला लागले. माझ्या अभ्यासाच्या खोलीत खिडकीखाली खाटेपुरती जागा होती. तिथं आप्पा झोपतील, पहाटे उठून विभूती लावताना पुटपुटतील, मी प्रमेयं पाठ करत असेन, मध्येच ते मला नेहमीसारखं अक्का म्हणून विचारतील, "अक्का, ह्या त्रिकोणाचं आता काय बिनसलं?" हे सगळं माझं इतक्या वेळा मनात खेळून झालं होतं की कधी कधी खिडकीखाली बघताना तिथं कुणी नाही याचं मला खरोखर आश्चर्य वाटायचं.

गेल्या श्रावणात पोळ्याच्या आदल्या दुपारी आम्ही बागेत गेलो, बाबा आणि मी. आई गावातल्या मावशीकडं पुरणाच्या तयारीला उतरली. खांदेमळणीची संध्याकाळ. वर्षभर ज्या खांद्यावर जू असतं त्या खांद्याला हळद-लोणी चोळायचं आणि बैलाला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आमंत्रण द्यायचं. थोरल्या-मधल्या होते तेव्हा हे काम माझं असायचं, म्हणजे आप्पा चोळायचे आणि मी वाटी धरायची. जू लागून लागून तिथली कातडी जाड झालेली असायची, टाचेसारखी, आणि लोणी लागलं की बैल डोळे अर्धे मिटायचे. त्यांच्या अंगाचा तो ऊन ऊन वास. त्या साली पहिल्यांदाच गोठ्यात धाकल्या एकटा. मला वाटलं आप्पा नुसता दिवा ओवाळतील. पण आप्पांनी वाटी भरली, पळसाची पानं घेतली आणि त्याच्याभोवती फिरायला लागले. शेजारच्या रानातले ज्ञानोबाकाका आपल्या बैलांची आवरून बांधावर तंबाखू मळत उभे होते. "आप्पा," ते म्हणाले, "ह्येचा खांदा कुठं असतो म्हणं?"

"तेच बगतो," आप्पा म्हणाले. नाकावर हात ठेवला. "ह्ये डोस्कं." हँडल धरलं. "ही शिंगं." मग धोतर खोचून खाली बसले, आडवे झाले, पोटाखाली डोकं घातलं. "अक्का, कंदील धर. ह्यो पट्टा बग. इंजनाचं सगळं वझं ह्येच्यावर. ह्येनं वडलं तर मागली चाकं फिरत्यात. मग खांदा ह्योच न्हवं का?"

"जपून, त्येला गुदगुल्या व्हतील," ज्ञानोबाकाका म्हणाले. पण आप्पांचं लक्ष नव्हतं. पळसाचं पान लोण्यात बुडवून त्यांनी तो पट्टा चोळला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पट्टा ज्या दोन लोखंडी पुल्यांवरून जातो त्यांच्या खाचांतही बोटं घातली, अगदी सावकाश, दुखेल असं काही तिथं आहे अशा बेतानं. मी उकिडवी बसून कंदील धरला होता. मला त्या क्षणी इतकं छान वाटलं की काय सांगू. शाळेत कुणाला सांगितलं असतं तर हसले असते, पण मला त्या हसण्याचंसुद्धा काही वाटलं नसतं. आप्पा उठले, धाकल्याच्या कानात, म्हणजे जिथं कान असता तिथं, वाकून म्हणाले, "आज आवतण घ्या, उद्या जेवाया या." बाबा दाराशी उभे होते. त्यांनीही, अगदी हळू, ओठातल्या ओठात तेच म्हटलं. मी बघितलं.

पोळ्याच्या सकाळी सगळे बैल ओढ्यावर धुवायला निघाले तसे आप्पाही धाकल्यावर बसले. दोरी ओढली, तो पहिल्याच झटक्यात बोलला. आप्पांनी गिअर टाकला, पायाखालची क्लचची पट्टी सोडली, आणि धाकल्या जागेवरच. आवाज तर असा की गोठ्याचे पत्रे थरथरतायत, आणि चाकं मात्र जमिनीला चिकटल्यासारखी. आप्पांनी परत केलं. परत. दुसरा गिअर, मागचा गिअर. धूर, आवाज, आणि जागेवर. आप्पांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्याआधी फक्त एकदा पाहिलं होतं, मधल्यानं घास तोंडात घेऊन तो परत खाली टाकला त्या दिवशी. बाबांनी वाकून चाकं बघितली, खाली डोकावले आणि उठून बाजूला झाले. ज्ञानोबाकाकांनी त्यांच्या मेहुण्याला हाक मारली. शहादेव त्याचं नाव, पाटोद्याला मोठ्या ट्रॅक्टरांच्या दुरुस्तीचं काम करायचा, सणासाठी आला होता, अंगात नवा पांढरा शर्ट. तो काही खाली वाकला नाही. कान तिरका करून ऐकलं, गिअरची दांडी दोनदा पुढं-मागं केली. "इंजन चांगलं हाय. गिअर पडतोय, पण चाकाला पोचत न्हाई. गिअरबॉक्स गेला, आप्पा. आतले दात खाल्ले. मोठ्या ट्रॅक्टरचं असतं तर म्या उघडलं असतं, ह्या खेळण्याचं सामान कुठं मिळायचं न्हाई." आणि शर्ट झटकत ओढ्याकडं गेला.

आप्पांनी इंजिन बंद केलं. मोसंबीच्या झाडांत कुठंतरी होला घुमत होता तेवढंच ऐकू येत होतं. आप्पा उतरले, खांद्यावरचा पंचा काढून सीट पुसली, पंचा घडी करून परत खांद्यावर टाकला. "गुरू," ते म्हणाले, "मी शबूद दिलाय." बाबा म्हणाले, "हो आप्पा." बस एवढंच. मग आप्पा आत गेले आणि त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेचं झाकण उघडल्याचा आवाज आला. आणि मी. खोटं का सांगू, माझ्या छातीत एक मोठा पक्षी उडाला. आले. आप्पा आले बीडला. खिडकी, खाट, त्रिकोण, सगळं एकदम खरं झालं. मी धाकल्याजवळ गेले ती खरं तर त्याचा निरोप घ्यायला. दिवसभर खेळून घरी जाताना मैत्रिणीचा घेतो तसा. त्याच्या नाकावर हात ठेवला, तापलेलं होतं. आणि मग मला वाटलं, बघावं तरी, दात खाल्ले म्हणजे काय. मला नेहमीच आतलं बघायला आवडतं. घड्याळ, रेडिओ, एकदा तर आमच्या सायकलचं फ्रीव्हील मी सगळं सुटं केलं होतं आणि तीन दिवस त्यातले छर्रे घरभर सापडत होते. मी पाठीवर झोपले आणि त्याच्या पोटाखाली सरकले. फ्रॉकला माती लागली. वर तो पट्टा होता, आणि तो चमकत होता. रबराचा पट्टा चमकत नाही. मी बोट लावलं, बोट घसरलं. नाकाशी नेलं.

खांदेमळण.

मला सगळं एका क्षणात कळलं आणि तरी मी तिथंच पडून राहिले. मागल्या चाकाच्या फटीतून आप्पांचे पाय दिसत होते, उंबऱ्याशी, ट्रंक ओढताना. हे मी सांगितलं तर दोन गोष्टी होतील. एक, धाकल्या चालेल आणि आप्पा इथंच राहतील. दुसरी, मला आप्पांना सांगावं लागेल की तुमच्या हातानं थांबला तो, तुमच्या लोण्यानं, तुमच्या मायेनं. कोणती जास्त वाईट ते मला ठरवता येईना. आणि न सांगितलं तर काहीच होणार नाही. शहादेव म्हणालाच होता. पट्ट्याला कुणी हात लावणार नाही, धाकल्या गोठ्यात राहील, आप्पा संध्याकाळी आमच्याबरोबर एसटीत बसतील, आणि मला खिडकीखाली रोज सकाळी विभूतीचा वास येईल. किती सोपं. पण मग मला आठवलं, मधल्या गेला त्या दिवशी आप्पा रात्रीपर्यंत एकच विचारत होते, "म्या काय कमी केलं?" कुणाला नाही, गोठ्याला. ते आता बीडला येतील, माझ्या खिडकीखाली झोपतील, आणि तेच विचारतील. धाकल्याबद्दल. आणि मी प्रमेयं पाठ करत असेन आणि मला उत्तर माहीत असेल.

मी बाहेर आले. ओढ्यावरून बैल परतत होते, ज्ञानोबाकाका दोन कासरे धरून बांधावरून येत होते. मी म्हटलं, "काका, मागून जरा उचलता का ह्याला?"

"कावून गं? कुठं न्यायचाय?"

"कुठं नाही. गिअरबॉक्स खरंच गेलाय का बघायचंय."

"तुला लई कळतंय," ते म्हणाले, पण बैल बांधले, मागल्या बाजूला हात घालून धाकल्याला उचललं, मी खाली दोन दगड सारले. मागची चाकं अधांतरी. मी गिअर टाकला, परत खाली सरकले आणि मागची पुली, जी पट्ट्यानं फिरायला हवी आणि फिरत नव्हती, ती हातानं फिरवली. जड होती. सगळा जोर लावला. ज्ञानोबाकाका वर ओरडले, "आरं, फिरलं की चाक." मी आणखी फिरवली, चाक आणखी फिरलं. दात सगळे शाबूत होते. जोर पुलीपर्यंत पोचतच नव्हता, लोण्यावरून घसरत होता, एवढंच. मला त्या धाकल्याच्या पोटाखाली, मातीत पाठ टेकून, असं वाटलं की मी कुणीतरी आहे. वर्गात पहिली आले तेव्हा पण असं वाटलं नव्हतं. चाक फिरवणारा हात माझा होता आणि ते मला वरच्या माणसाच्या आवाजातून कळलं होतं. त्याच क्षणी हेही कळलं की आता मागं सरता येणार नाही, ज्ञानोबाकाकांनी पाहिलंय, आणि मला बरं वाटलं की पाहिलंय.

आप्पा ट्रंकेवर बसले होते. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. बाबा आत काहीतरी आवरत होते, ते थांबले. "आप्पा," मी म्हटलं, "गिअरबॉक्स नीट आहे. पट्टा घसरतोय."

"कावून घसरतोय?"

मी माझं पिवळं बोट पुढं केलं. आप्पांनी ते हातात धरलं, वास घेतला. त्यांना लगेच कळलं. एक क्षण त्यांचा चेहरा इतका रिकामा झाला की मला वाटलं, नको होतं सांगायला, परत घ्यावं सगळं. ज्ञानोबाकाका दारात येऊन उभे होते. मग आप्पा माझं बोट तसंच धरून, अगदी खरं विचारल्यासारखं म्हणाले, "म्हंजी तो खांदा न्हवता."

"नव्हता, आप्पा. तो म्हणजे..." मी शोधायला लागले. "तो म्हणजे त्याचा तळपाय. आपण तेल लावलेल्या पायानं फरशीवर चालल्यावर कसं होतं."

आप्पांच्या मिशा हलल्या. "तळपायाला लोणी लावलं मी त्येच्या," ते म्हणाले, "आन् वर म्हनतो, चल ओढ्याला." आणि ते हसायला लागले, आधी नुसते खांदे, मग आवाज, मग ज्ञानोबाकाका, आणि मग मी, आणि हसताना मला रडू येत होतं ते कुणी बघितलं नाही. हसू ओसरलं तसे ते उठले. "मग त्येचा खांदा कुठं हाय, अक्का? त्ये सांग. न्हाईतर त्येचं आवतण आर्धं राहतं."

मला खरंच माहीत नव्हतं. मी धाकल्याभोवती फिरले, काल आप्पा फिरले तशी. पुढच्या चाकांपाशी थांबले. हँडल वळवलं की जिथं लोखंडात लोखंड वळतं त्या सांध्यांतून कर्रकर्र आवाज यायचा, तो आवाज मला जन्मापासून माहीत होता. माझ्या मते सगळ्या पुढच्या वजनाचा भार त्या दोन सांध्यांवर होता, आणि ते कोरडे ठणठणीत होते. "इथं," मी म्हटलं. "इथं लावा. इथं लागतंच." आप्पांनी वाटीतलं उरलेलं लोणी बोटावर घेतलं आणि त्या दोन्ही सांध्यांत चोळलं, डावीकडं, उजवीकडं, सावकाश. मी हँडल वळवलं. आवाज आला नाही. आप्पांनी माझ्याकडं बघितलं नाही, पण मान हलवली, थोरल्यानं डोळे मिटल्यावर हलवायचे तशी.

मग काम. पट्टा काढायचा म्हणजे आधी त्याला ताणून धरणारी बारकी पुली ढिली करायची, ती गंजलेली. तिचा स्प्रिंगचा आकडा ओढताना माझ्या अंगठ्याचं साल निघालं. पट्टा कसा बसला होता ते मी मातीत काडीनं काढून ठेवलं, कारण सायकलच्या त्या फ्रीव्हीलनं मला शहाणं केलं होतं. घंगाळात ऊन पाणी, धुण्याचा सोडा, आणि मी तो पट्टा चार पाण्यांनी धुतला. आधी हळदीचं पिवळं पाणी, मग काळं, मग नितळ. बाबा कधी येऊन पुल्यांच्या खाचा पेट्रोलच्या बोळ्यानं पुसायला लागले ते मला कळलंच नाही. पांढरा सणाचा सदरा घातलेले बाबा, उताणे, धाकल्याखाली. पट्टा दोरीवर उन्हात वाळत होता, धोतरांच्या शेजारी. आप्पा म्हणाले, विभूती लावावी का, कोरडं पडल. मी म्हटलं, नको आप्पा, आता ह्याला काहीच लावू नका, आणि ते इतकं मोठ्या माणसासारखं निघालं की मलाच लाज वाटली, पण आप्पा "बरं" म्हणाले. वाळलेला पट्टा मी पॉलिशपेपरनं आतून जरा खरखरीत केला, परत चढवला, स्प्रिंगचा आकडा एक भोक पुढं अडकवला, कारण स्प्रिंगही माझ्या आधीपासून ओढून ओढून थकलेली होती. दगड काढले. आप्पा बसले. दोरी. आवाज. गिअर. आणि धाकल्या एक झटका खाऊन पुढं गेला, गोठ्याच्या दारातून उन्हात, आणि माझ्या छातीतला सकाळचा तो पक्षी त्याच्याबरोबर निघून गेला.

संध्याकाळी वेशीत सगळ्या बैलांच्या मागं, सर्वांत शेवटी, धाकल्या होता. नाकाला माळ, हँडलला फुगे. कुणीतरी ओरडलं, "आप्पा, ह्याला येसण कुठं घातली?" आप्पा म्हणाले, "तुज्या तोंडाला घालून उरली तर बगू." तोरणाखालून जाताना त्यांनी मला खूण करून मागं उभं राहायला सांगितलं. मी वखराच्या दांडीवर पाय देऊन उभी राहिले, त्यांच्या खांद्यांना धरून. आप्पांचे खांदे सदऱ्याखाली किती बारीक आहेत ते मला तेव्हा कळलं. ते पुढं बघत होते. वेशीबाहेर उतरलेलं ऊन, धूळ, घुंगरांचा तो पाण्यासारखा आवाज सगळीकडं, आणि मध्ये आमचं इंजिन, टकटक टकटक, कुणाशी न भांडता.

गिरणीत पट्टा परत चढला होता. मामा म्हणाले, "कुणाची गं तू?" मी बाबांचं नाव सांगितलं, दुकान सांगितलं. दळण घेऊन घरी येताना डबा पोटाशी ऊन लागत होता, आणि मला त्या वेळचं उरलेलं आठवलं, जे मी कुणाला सांगितलं नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आई मावशीकडं राहिली, बाबा आणि मी चौसाळ्याच्या रस्त्यावर एसटीची वाट बघत उभे होतो. आप्पा आम्हाला सोडायला आले नव्हते, बागेत वखर चालू होता, ऐकू येत होता. बाबा रस्त्याकडं बघत होते. मग म्हणाले, "मला काल सकाळीच वास आला होता."

मला आधी कळलं नाही. "कसला?"

"मी खाली वाकलो ना चाकं बघायला, तेव्हाच. लहानपणापासून हातांना तोच वास आहे, मला नाही कळणार तर कुणाला." त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "म्हटलं, राहू दे. आपोआप थांबलाय. मी तर काही केलं नाही. येतील आता घरी." ते माझ्याकडं बघत नव्हते. "तू सांगशील असं वाटलं नव्हतं गं. तुलाच तर सगळ्यांत जास्त हवे होते ते."

मला म्हणायचं होतं की हो, हवे होते. मला विचारायचं होतं की तुम्ही मग सदरा घाण करून खाली कशाला शिरलात. पण बाबांचा चेहरा चौथीतल्या पोराचा झाला होता. मी त्यांच्या पिशवीचा एक बंद हातात घेतला. एसटी आली, भरलेली, टपावर सायकली. आम्ही आत घुसलो. कंडक्टर गर्दीतून पंच वाजवत आमच्यापाशी पोचला.

"बीड," बाबा म्हणाले. "तीन द्या."

कंडक्टरनं आमच्या दोघांच्या मागं बघितलं. "तिसरं कुठंय?"

बाबा खिडकीतून बाहेर बघत होते, जिकडून अजून धाकल्याचा आवाज येत होता. गाडी हलली.

"नाही," ते म्हणाले. "दोनच."